दुसऱ्याचा अपमान सोसणे ही क्षमा नव्हे

संतसज्जनहो, या अंकात चेंडूफळीच्या मैदानावरची गोष्ट सांगायची म्हटल्यावर काही जुने टाळकरी हसतील. म्हणतील, "बुवा, हरिपाठ सोडून हे क्रिकेटचं काय काढलंत?" त्यांस आधी एवढेच सांगतो की खेळ आपल्याला परका नाही. फुगडी, हमामा, हुतूतू, विटीदांडू या खेळांवर आपल्या संतांनी रूपके केली आहेत. वारीच्या वाटेवर दिंड्या पावली खेळतात, रिंगणात अश्व धावतो, म्हातारे वारकरी लहान पोरासारखे फुगड्या घालतात. आणि सप्ताहाची सांगता आपण ज्या काल्याने करतो, तो काला तरी काय आहे? गोकुळातली पोरे यमुनेच्या वाळवंटात खेळली, दमली, आणि मग ज्याने त्याने घरून आणलेली शिदोरी एकत्र कालवून सगळ्यांनी मिळून खाल्ली. कोणाची भाकर कोणती आणि कोणाचे दही कोणते हे ओळखू येईना, त्याचेच नाव काला. खेळ आणि पंगत ही आपल्याकडे एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत. म्हणून जेथे माणसे बरोबर खेळतात पण बरोबर जेवत नाहीत, बरोबर राबतात पण बरोबर मान घेत नाहीत, तेथे काय चुकले हे विचारण्याचा अधिकार काल्याचा प्रसाद खाणाऱ्याला नाही, तर कोणाला?

प्रश्न असा आहे. खेळाच्या संघाला धनी असतात. पूर्वी ते राजेरजवाडे आणि जिमखाने होते, आज पैसेवाले मालक आहेत. असा धनी जर माणसाला त्याच्या रंगावरून किंवा जातीवरून हीन लेखत असेल, तर त्याच्या संघात खेळणाऱ्याने काय करावे? खाली मान घालून खेळावे, की बोलावे?

अमेरिकेत २०१४ साली हा प्रश्न उघड्यावर आला. तेथे बास्केटबॉलचे मोठमोठे संघ आहेत आणि त्यांत खेळणारे बहुसंख्य काळ्या वर्णाचे आहेत. लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग याचे खासगी बोलणे बाहेर फुटले. काळ्या माणसांना सामन्याला घेऊन येऊ नको, असे तो आपल्या ओळखीच्या बाईला बजावत होता. म्हणजे पहा, ज्यांच्या घामावर याची गादी, त्यांच्याच रंगाचा याला विटाळ! एप्रिलच्या २७ तारखेला त्याच्या संघाचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर आले, त्यांनी वरचे जाकीट काढून जमिनीवर टाकले, आणि आतला सदरा उलटा घालून, म्हणजे संघाचे नाव झाकून, सराव केला. सामनाही ते खेळले. दोन दिवसांनी, २९ एप्रिलला, त्या खेळाच्या मंडळाने स्टर्लिंगला जन्मभरासाठी बाहेर काढले आणि २५ लाख डॉलर दंड केला. पुढे संघही त्याच्या घरातून गेला.

हे वाचून आपल्याला वाटते, गोऱ्यांचे ते पाप, त्यांचे त्यांनी फेडावे. पण असे म्हणून सुटका होत नाही. आपल्या महाराष्ट्रात हीच गोष्ट त्याच्या शंभर वर्षे आधी घडली आहे आणि तिच्यातल्या एका माणसाचे नाव तर विठ्ठल होते. ती नीट ऐकावी.

पालवणकर बाळू हे चर्मकार समाजात १८७६ साली जन्मले. ज्या समाजाने आपल्याला संत रोहिदास दिले, तोच हा समाज. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात ते मैदान राखण्याच्या नोकरीला लागले. तेथून महिना चार रुपयांवर गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेले. खेळपट्टी लोळवणे, जाळ्या लावणे, असली कामे ते करीत, आणि सरावाला हवे म्हणून साहेबांना चेंडू टाकीत. चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात असा तयार झाला की ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन् तास फक्त त्यांच्या चेंडूवर सराव करी. पण त्या क्लबात बाळूंना हातात फळी कधी मिळाली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम आणि फलंदाजी ही साहेबाची चैन, असा तिथला हिशेब होता.

मग पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्यांस आपल्या संघात घ्यावे की नाही याचा खल झाला. घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते आणि हा हात नसता तर ते जमले नसते. आणि घेऊन काय केले? मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नसे. पण चहाच्या वेळी बाकीचे आत बसत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या परळात वेगळा चहा देत. जेवायचे ताटही वेगळे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तेव्हा पुणेकरांना सुनावले होते की याच्याबरोबर खेळता येते तर याच्याबरोबर जेवताही आले पाहिजे. न्यायमूर्ती स्वतः खेळाडू नव्हते. पण काल्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता.

पुढे बाळू मुंबईस गेले. तेथल्या हिंदू जिमखान्यासाठी ते आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला हरवले, १९०७ साली पुन्हा हरवले. साऱ्या देशात आनंद झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या हाताखाली भारतीय संघ विलायतेस गेला. संघाची तेथे दैना झाली, पण एकट्या बाळूंनी शंभरावर बळी घेतले. मुंबईच्या जिमखान्यात आता त्यांना पंगतीलाही बसवू लागले होते. मग सारे मिटले का? नाही. खेळायला चालतो, जेवायलाही चालू लागला, पण पुढे उभा राहायला चालत नव्हता. १९१० पासून दर वर्षी लोक म्हणत, बाळूंना कर्णधार करा. आणि दर वर्षी निवडणारे दुसऱ्याला करीत.

आता जरा सावकाश ऐका, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म येथून पुढे आहे.

त्या संघाचे कर्णधार होते म. द. पै. सारस्वत ब्राह्मण कुळातले, चांगले खेळाडू. १९१३ साली त्यांच्या ज्ञातीच्या लोकांनी त्यांचा सत्कार केला. हारतुरे घेऊन झाल्यावर पै बोलावयास उठले आणि सांगितले की हा मान खरे तर माझे मित्र बाळू यांस मिळावयास हवा होता, तेच संघात वडील आणि अनुभवी आहेत. स्वतःच्या सत्काराच्या सभेत, स्वतःच्या जातभाईंसमोर हे बोलणे सोपे नव्हते. पै यांनी ते केले, त्याबद्दल त्यांस नमस्कारच केला पाहिजे.

पण त्यानंतर झाले काय? काही नाही. लोकांनी ऐकले, माना डोलावल्या, आणि पुढची सात वर्षे कर्णधारपद आहे तेथेच राहिले. पै यांचा शब्द खरा होता, पण त्यांची जागा त्यांच्याच हाती राहिली. शब्दाने निवडणाऱ्यांचे काही अडले नाही.

मग १९२० साल उजाडले. त्या वर्षी निवडणाऱ्यांनी बाळूंना संघातूनच वगळले. त्यातच पै आजारी पडले. त्यांच्या जागी विठ्ठलांचा हक्क होता. पण पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमले. देवधर मोठेच खेळाडू, पुढे त्यांनी महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. त्यांच्या गुणाविषयी वाद नाही. परंतु त्या दिवशी निवड गुणावर झाली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. नुसते घरी बसले नाहीत, तर वर्तमानपत्रातून कारण जाहीर केले. केवळ वरच्या जातीत जन्मला म्हणून दुसऱ्याला आमच्या डोक्यावर बसवता, हा आमचा अपमान आहे आणि तो घेऊन आम्ही खेळणार नाही, असा त्याचा आशय होता.

शहरात खळबळ उडाली. महात्मा गांधींची चळवळ तेव्हा उभी राहत होती, अस्पृश्यता हा कलंक आहे असे ते सांगत होते. सामान्य लोक भावांच्या बाजूने बोलू लागले. निवडणाऱ्यांना नमावे लागले. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले, बाळूंना बोलावून उपकर्णधार केले, आणि तेथे पै यांनी एक सुंदर गोष्ट केली. ते मधूनमधून मुद्दाम मैदान सोडून आत गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवावा. सात वर्षांपूर्वी जे तोंडाने म्हटले होते ते त्यांनी आता पायाने केले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले. त्यांच्या हाताखाली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला हरवले, तेव्हा ज्यांच्या घरात त्यांस पाणी मिळाले नसते अशांच्या पोरांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवले. पुंडलिकाने विटेवर उभा केलेला विठ्ठल आपण रोज डोळे भरून पाहतो. माणसांच्या खांद्यावर चढलेला हा विठ्ठलही पाहावा.

आता विचार करू. दोघा भावांनी केले ते बरोबर केले, याविषयी आज कोणी वाद घालणार नाही. पण मला दुसरेच विचारायचे आहे. अकरा जणांच्या संघातून दोनच का गेले? सामना तर झाला. इतर जण पांढरे कपडे घालून मैदानात उतरलेच. त्यांच्यात दुष्ट कोणी नसेल. कित्येकांना बाळूंविषयी प्रेमही असेल. तरी त्या दिवशी बोलण्याचा सारा भार ज्यांच्यावर घाव पडला त्यांनीच उचलला. ज्याच्या पाठीवर आसूड, त्यानेच ओरडावे, त्यानेच आसूड धरावा, आणि बाकीच्यांनी मैदान सोडू नये, हा कोणता न्याय?

येथे एक वारकरी बंधू शंका घेतो. तो म्हणतो, "महाराज, आपला मार्ग सोसण्याचा. जगाने दगड मारले तरी संतांनी हसून घेतले. मग बोला, झगडा, संघ सोडा, हे आपण कसं शिकवायचं?"

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर पैठणातच आहे. नाथमहाराज गोदावरीवर स्नान करून येत. एक जण त्यांच्या अंगावर थुंके. महाराज पुन्हा स्नानाला जात. तो पुन्हा थुंके, हे पुन्हा जात. अशी कित्येक वेळा पाळी आली, पण महाराजांच्या कपाळाला आठी पडली नाही, ही कथा प्रत्येक कीर्तनात येते. आता दुसरी कथा आठवा. भर दुपारी त्याच गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्याचे एक पोर आईपासून चुकले, पाय भाजून रडू लागले. तेथे येणारेजाणारे पुष्कळ होते. सोवळे होते, म्हणून कोणी पुढे झाले नाही. नाथमहाराजांनी काय केले? ते पोर सोसत आहे तर आपणही शांतपणे सोसू, असे म्हणाले काय? त्यांनी पोर कडेवर घेतले, तोंड पुसले आणि घरी पोचवले. गावाचा रोष पत्करला. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले तेव्हाही गावाचा बहिष्कार पत्करला.

दोन कथा, नदी एक आणि संत एकच. थुंकी स्वतःच्या अंगावर होती, ती पुसून ते गप्प राहिले. चटका दुसऱ्याच्या पायाला होता, तेथे ते क्षणभर थांबले नाहीत. यावरून आपल्या संप्रदायाचा नियम सरळ दिसतो. स्वतःचा अपमान सोसणे याला क्षमा म्हणतात. दुसऱ्याचा अपमान शांतपणे सोसणे याला क्षमा म्हणत नाहीत. कारण क्षमा करायला आधी ते दुःख आपले असावे लागते. जे माझे देणे नाही ते मी माफ कसे करणार? शेजाऱ्याचे कर्ज परस्पर माफ करून आपण उदार ठरत नाही. तसेच शेजाऱ्याचा अपमान परस्पर गिळून आपण शांत ठरत नाही.

दुसरा एक म्हणतो, "खेळाडूचं काम खेळणं. बोलायला पुढारी आहेत, पत्रकार आहेत." बरे. मग विजयाची मिरवणूक निघते तेव्हा कोणाला उचलतात? पत्रकाराला नव्हे. ज्याच्या नावावर लाखो लोक टाळ्या पिटतात, त्याच्या एका शब्दाचे वजन शंभर अग्रलेखांहून अधिक असते. ते वजन त्याला लोकांनी दिले आहे. टाळ्या घ्यायच्या वेळी मी सगळ्यांचा आणि बोलायच्या वेळी मी फक्त खेळाडू, हे दोन्ही एकदम म्हणता येत नाही.

तिसरा म्हणतो, "गरिबाची रोजी त्यावर असते. मालकाविरुद्ध बोलला तर चूल बंद." ही शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. आजचे संघ लिलावात माणसे घेतात. पोरगा कुठल्या खेड्यातून आलेला, घरी कर्ज, बहिणीचे लग्न, आणि एका हंगामात काय ते मिळायचे. त्याने पहिले बोलावे असे म्हणणारा निर्दय आहे. म्हणूनच माझे म्हणणे उलटे आहे. बोलण्याचा पहिला भार, ज्याला घाव लागला त्याच्यावर नाही. नव्या पोरावरही नाही. ज्याची जागा पक्की आहे, ज्याला काढायला मालक दहा वेळा विचार करील, त्याच्यावर आहे. ज्याला बोलण्याची किंमत कमीत कमी पडते, त्याने आधी बोलावे. नदी उतरताना पुढे पट्टीचा पोहणारा लागतो, लेकुरवाळीला कोणी पुढे ढकलीत नाही.

आणि नुसते बोलून भागत नाही, हे पै यांच्या गोष्टीवरून कळते. ज्या बोलण्याने बोलणाऱ्याचे काही जात नाही, ते ऐकणाऱ्याचेही काही हलवत नाही. आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंचे उदाहरण घ्या. १९१६ पासून ते हिंदूंच्या संघात खेळत. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना विलायतेत लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्या काळी धनी असेल तो कर्णधार, असा रिवाजच होता. पण महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखली, ते बाजूला झाले, आणि संघ आपल्या नागपूरकराने मैदानात नेला. चार वर्षांनी १९३६ च्या दौऱ्यात विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होऊन बसले ते उठलेच नाहीत, आणि लाला अमरनाथांसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यातून घरी धाडले गेले. एकाने जागा दिली, एकाने जागा धरली. इतिहास दोघांनाही विसरला नाही.

परक्याच्या अपमानासाठी स्वतःची जागा पणाला लावणारा एक ऑस्ट्रेलियन गोराही येथे सांगितला पाहिजे. १९६८ साली मेक्सिको शहरातल्या ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटर धावण्यात पहिला आणि तिसरा आलेले टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस हे अमेरिकेचे काळे धावपटू. बक्षिसाच्या पायरीवर त्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून आपल्या लोकांवरच्या अन्यायाची जगाला आठवण दिली. दुसरा आलेला पीटर नॉर्मन गोरा होता. त्याला काही करण्याची गरज नव्हती. पण त्याने त्या दोघांच्या चळवळीचा बिल्ला आपल्या छातीवर लावला. मायदेशी त्याची उपेक्षा झाली. १९७२ च्या ऑलिम्पिकला त्याला नेले नाही. २००६ साली तो वारला तेव्हा अमेरिकेहून स्मिथ आणि कार्लोस आले आणि त्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली. त्याने भाषण केले नव्हते. त्याने फक्त एका बिल्ल्याने सांगितले की मी यांच्यात आहे.

आपल्या देशात हे जुने झाले असे कोणी समजू नये. वंदना कटारिया ही हरिद्वारजवळच्या गावातली मुलगी. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या एका सामन्यात तिने तीन गोल केले, ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे उपांत्य सामन्यात आपला संघ हरला, आणि त्याच संध्याकाळी तिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. संघात खालच्या जातीच्या मुली घेतल्या म्हणून हरलो, असे बोलले गेले. जिंकली तर देशाची, हरली तर जातीची! तेव्हा कर्णधार राणी रामपाल हिने जाहीर सांगितले की हे लाजिरवाणे आहे, आम्ही निरनिराळ्या धर्मांच्या, निरनिराळ्या प्रांतांच्या मुली एका झेंड्यासाठी घाम गाळतो. १९२० साली जे नऊ जणांना सुचले नाही, ते एका तरुण मुलीला सुचले. काळ पुढे सरकला तो एवढाच, पण सरकला.

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. परक्याच्या घरचा केर काढताना आपला उंबरठा विसरू नये.

चोखोबांना आपण संत म्हणतो. त्यांचे अभंग म्हणताना आपला गळा भरून येतो. पण चोखोबा हयातभर महाद्वाराबाहेर राहिले आणि देह मंगळवेढ्याच्या कोसळत्या भिंतीखाली ठेवला. त्यांची समाधीही महाद्वारासमोरच आहे. त्यानंतर सहा शतके त्यांच्या जातीची माणसे त्या समाधीपर्यंत येत आणि तेथून कळसाला हात जोडून परत जात. आत जाणारे लाखो होते. प्रत्येकाला पायरीजवळ थांबलेला माणूस दिसत होता. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. त्या उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात. गावाचा विरोध असताना ज्याचा मठ होता त्याने दार उघडले, म्हणजे ज्याची जागा पक्की होती त्याने ती पणाला लावली. तनपुरे महाराजांचे हे ऋण संप्रदायाने विसरू नये. तसे आणखी शंभर मठ शंभर वर्षे आधी उघडले असते तर?

नागपूरकरांना याचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागत नाही. बाळू पालवणकरांची तरुण वयातल्या डॉ. आंबेडकरांना अभिमानाने ओढ होती. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. बाळूंची श्रद्धा होती की घरातले लोक आज ना उद्या आतून दार उघडतील. बाबासाहेबांनी पुष्कळ वर्षे वाट पाहिली आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंना बरोबर घेऊन ते बुद्धाला शरण गेले. त्यांनी काय स्वीकारले ते त्यांच्या आणि तथागताच्या मधले, त्याविषयी आदरच आहे. पण त्यांनी काय सोडले आणि का सोडले, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. १९२० साली दोन भाऊ बाहेर पडले, तेव्हा आत राहिलेले थोडेसे बोलले आणि भाऊ परत आले. १९५६ साली लाखो बाहेर पडले, तोवर आत बसलेल्यांना पुरेशी बोलायची सवडच झाली नव्हती. वेळेवर न बोललेल्याचे फळ एवढे मोठे असते.

मालक हा शब्द वारकऱ्याला नवा नाही. आपल्या पालखी सोहळ्याला मालक आहेत, दिंडीला मालक आहेत, फडाला फडकरी आहेत. पण आपल्याकडे मालक म्हणजे सेवेचा भार वाहणारा, वारकऱ्यांच्या मुक्कामाची आणि भाकरीची काळजी करणारा. माणूस त्याच्या मालकीचा नसतो. माणसाचा मालक एकच, तो विटेवर आहे. खेळाच्या संघालाही हेच लागू आहे. मालकाने खेळाडूचा हंगाम विकत घेतला असेल, त्याची जीभ घेतलेली नाही. ती ज्याने दिली त्याची आहे.

आणि बोलावे कसे, हेही संतांनी शिकवले आहे. शिवी देऊ नये. मालकाच्या जातीचा, रंगाचा उलट द्वेष करू नये. आपली कीर्ती वाढावी म्हणून बोलू नये. याची एक साधी परीक्षा आहे. बोलल्याने माझे काही जाणार आहे का, आणि न बोलल्याने दुसऱ्याचे जात आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर ते बोलणे सत्याचे आहे.

आपल्यातले फार थोडे लॉर्ड्सवर खेळले असतील. पण गावच्या कबड्डीच्या संघात, तालमीत, शाळेच्या मैदानात आपली पोरे आहेत. तेथे एखाद्याला नावाने न हाकारता जातीने हाकारतात का? पाण्याच्या माठाजवळ कोणी घुटमळतो का? चढाई ज्याने गाजवली त्यालाच चषक घ्यायला पुढे करतात, की पाटलाच्या मुलाला? आणि आपल्या दिंडीत वीणा कोणाच्या गळ्यात जाते, पंगतीत वाढपी कोण आणि काठावर कोण बसतो, हे चालकाने एकदा डोळे उघडून पाहावे. जो ते पाहील आणि ज्याची जागा पक्की आहे, त्याने पहिला शब्द काढावा. शब्दाने भागले नाही तर आपली जागा थोडी सरकवावी. पै मैदानातून आत गेले, तेवढेच. पण तेवढ्यानेच बाळूंना पुढे येता आले.

येत्या काल्याला हंडी फुटेल तेव्हा प्रसादासाठी पुढे झालेले हात नीट पाहावेत. त्यांत एक जरी हात मागे राहिला असेल, तर त्याला हाक मारावी, आणि मगच आपला घास तोंडात घालावा.

रामकृष्णहरि.